कोटेशनमध्ये न लिहिलेलं

वाचकाचं पत्र:

मी ३१ वर्षांची. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा आहे. चार मशिनं, अकरा माणसं. बाबांनी २२ वर्षं चालवला, दोन वर्षांपासून मी बघते. किचनवेअरच्या एका ब्रँडने आम्हाला डब्याच्या झाकणाचं काम देऊ केलंय. गोल, पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचं), चार बाजूंना चार क्लिपा. पहिल्या वर्षी २ लाख नग, नगाला १४ रुपये, त्यात आम्हाला दोन रुपये सुटतात. पहिला लॉट १५ मेपर्यंत द्यायचा, म्हणजे शाळा उघडायच्या आत तो दुकानात लागेल. साचा आमच्या खर्चाने. आमचे नेहमीचे टूलमेकर, मी त्यांना काकाच म्हणते, ९ लाख ४० हजार आणि चार महिने सांगतात. चीनमध्ये हुआंगयानच्या एका कारखान्याने तोच दोन कॅव्हिटीचा, म्हणजे एका दाबात दोन झाकणं काढणारा, साचा ४ लाख ९० हजारांत आणि ४५ दिवसांत द्यायची तयारी दाखवलीय. बाबा म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. मी म्हणते, फरक साडेचार लाखांचा आहे, आणि झाकणांचा अख्ख्या वर्षाचा नफाच चार लाख! आठवडाभर जेवताना घरात दुसरा विषय नाही. पुढे ब्रँडला खालच्या डब्याचाही साचा हवाय, त्याला मात्र घाई नाही. दोन्ही कोटेशनं सोबत जोडलीत. किमतीकडे बघू की दर्जाकडे? आणि मला अहोजाहो नको, 'अगं'च म्हणा.

उत्तर:

अगं, तर मग ऐक.

बाबांची कोंबडी आणि तुझे साडेचार लाख, दोन्ही मी कागदावर मांडून बघितले. खरेदी खात्यात मी २७ वर्षं काढली, त्यातली शेवटची पंधरा बाहेरच्या देशांतून साचे आणि सुटे भाग आणण्यात गेली. त्यामुळे मत द्यायला मला हौस आहेच. पण आधी दोन्ही कोटेशनं टेबलावर शेजारी शेजारी ठेव.

हुआंगयानचं तीन पानांचं आहे. कोअर-कॅव्हिटीचं, म्हणजे झाकणाला आकार देणाऱ्या भागांचं, पोलाद पी-२०, साच्याच्या पाट्या सी-४५, हॉट रनर (साच्यात पोचेपर्यंत प्लॅस्टिक वितळलेलं ठेवणारी वाट), आयुष्य ३ लाख शॉट, म्हणजे ३ लाख दाब, ४५ दिवस, ४० टक्के आगाऊ, ६० टक्के माल निघण्याआधी. काकांचं लेटरहेडवर सहा ओळींत आटोपलंय: 'आपल्या नमुन्याप्रमाणे टू कॅव्हिटी लिड मोल्ड, १ नग.' पोलाद कोणतं, लिहिलेलं नाही. शॉट किती, नाही. ट्रायल किती, नाही. तुला चीनचा कागद जास्त व्यवस्थित वाटला असणार, आणि तो आहेच.

आता मला सांग, गेल्या २२ वर्षांत साच्याला फ्लॅश (फटीतून प्लॅस्टिकचा पापुद्रा) यायला लागला तेव्हा काय झालं? काकांना फोन गेला, संध्याकाळी त्यांचा टेम्पो आला, दोन दिवसांत साचा परत मशीनवर चढला. इजेक्टर पिन तुटली तर रविवारी येऊन बसवून गेले असतील. बिल कधी दिलं, कधी 'पुढच्यात बघू' म्हणाले. हे सगळं त्या ९ लाख ४० हजारांत आहे, फक्त कागदावर नाही, कारण ते लिहायची कधी वेळच आली नाही. हुआंगयानच्या ४ लाख ९० हजारांत मात्र जेवढं कागदावर आहे तेवढंच मिळणार. बाकीचं तुझं तुला करायचंय, किंवा कोणाकडून तरी पैसे देऊन करून घ्यायचंय. त्याचे पैसे तू अजून हिशेबात धरलेले नाहीस.

ते धरून बघू. आकडे अंदाजाचे आहेत, तू तुझे घाल. ४ लाख ९० हजार हा भाव एफओबी निंगबो आहे, म्हणजे माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा. त्यावर जहाजभाडं आणि विमा ३० हजार धरते, झाले ५ लाख २० हजार. ड्युटीचा आजचा दर तुझ्या सीएचएकडून (कस्टम्स एजंटकडून) लेखी घे. मी हिशेबापुरते ड्युटी आणि सरचार्ज मिळून १० टक्के धरते, ५२ हजार. न्हावाशेवाचे चार्जेस, क्लिअरिंग, अंबडपर्यंतचा ट्रक, ३८ हजार. इथपर्यंत ६ लाख १० हजार. आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, परत मिळतो, तसा काकांच्या बिलावरचा जीएसटीही मिळतो, म्हणून दोन्हीकडे सोडून देते. फक्त एक ध्यानात ठेव: चीनच्या मालावरचा लाखाच्या आतबाहेरचा आयजीएसटी माल बंदरातून सोडवतानाच रोख भरावा लागतो. त्या आठवड्यात पगार असले तर तुझी धांदल होईल.

पुढे ट्रायलला एक माणूस तिकडे जाणार. तिकीट, व्हिसा, चार रात्री, म्हणजे ९५ हजार. साचा इथे आल्यावर तुझ्या मशीनवर बसवणं, पाण्याच्या जोडण्या बदलणं, कुठे घासणं, कुठे वेल्डिंग, यासाठी ६० हजार बाजूला ठेवच. बँकेचे चार्जेस आणि डॉलरचं वरखाली होणं, १० हजार. एकूण ७ लाख ७५ हजार.

साडेचार लाखांचे राहिले १ लाख ६५ हजार. २ लाख झाकणांवर वाटले तर नगाला ८० पैशांच्या आसपास. हा फरकही काही थोडा नाही, चौदा रुपयांच्या झाकणात ८० पैशांसाठी लोक रात्र रात्र जागतात. पण घरात ज्या आकड्यावरून भांडण चाललंय तो हा आकडा नव्हे, एवढं नक्की.

यात ९५ हजारांच्या प्रवासावर तू काट मारशील, मला माहीत आहे. सगळेच मारतात. "व्हिडिओ कॉलवर ट्रायल बघू." काट मारायची असेल तर जहाजभाड्यावर मार, यावर नको. जाणारं कोणी नसेल तर तिकडच्या एखाद्या तपासणी एजन्सीचा माणूस दोन दिवसांसाठी घे, ते प्रवासाहून बरंच स्वस्त पडतं. पण त्याच्या हातात काय तपासायचं याची यादी तुलाच द्यावी लागेल, आणि ती यादी म्हणजेच काकांच्या डोक्यात असलेलं सगळं.

आता दिवसांचं. कोटेशनमधले ४५ दिवस कशापासून कशापर्यंत? आगाऊ रक्कम पोचून ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून पहिल्या ट्रायलच्या नमुन्यांपर्यंत. टी-वन म्हणतात त्याला. पहिल्याच ट्रायलला साचा पास झालेला मी २७ वर्षांत दोनदा पाहिला, आणि त्यातला एक साबणाच्या डबीचा होता. टी-टू, टी-थ्री धरून चल. तू डिसेंबरच्या सुरुवातीला ऑर्डर दिलीस तर टी-वन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि तेव्हा येतं चिनी नववर्ष. ते चांद्र पंचांगाप्रमाणे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान फिरतं. सरकारी सुट्टी आठवड्याची, पण कामगार शेकडो मैलांवरच्या गावी जातात, कारखाने दोन-तीन आठवडे थंडावतात, आणि परत येताना सगळेच परत येत नाहीत. तुझ्या साच्याचं पॉलिश करणारा मुलगा दुसऱ्या कारखान्यात लागलेला असू शकतो. म्हणजे टी-टू फेब्रुवारीअखेर, माल मार्चअखेर जहाजावर, एप्रिल उजाडून सरताना न्हावाशेवा, मेच्या पहिल्या आठवड्यात तुझा गाळा. १५ मे गाठलास तरी दम लागलेला असेल. काकांचे चार महिने एप्रिलच्या सुरुवातीला संपतात. त्यांच्या चाराचे पाच होतात हे तू लिहिलं नाहीस, पण मी अनेक टूलमेकर पाहिलेत, तेव्हा पाच धर. तरीही तेच, मेची सुरुवात. ४५ दिवस आणि चार महिने एकाच आठवड्यात येऊन थांबतात.

हे वाचून 'चीन म्हणजे डोकेदुखी' असा निष्कर्ष काढू नकोस. बाबांना तर हे वाचूनच दाखवू नकोस. हुआंगयान मी दोनदा पाहिलंय. झेजियांग प्रांतातल्या ताइझोऊ शहराचा तो भाग घरगुती प्लॅस्टिकच्या साच्यांसाठी जगभर ओळखला जातो. बादल्या, खुर्च्या, क्रेट, डबे, निम्म्या जगाच्या स्वयंपाकघराचे साचे तिथे कापले जातात. स्वस्त का, तर मजुरी स्वस्त म्हणून नव्हे, त्यांची मजुरी आज आपल्याहून महाग आहे. पोलादवाला, हीट ट्रीटमेंटवाला, वायरकटवाला, पॉलिशवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. साच्याचे तयार बेस दुकानात रचून ठेवलेले. सीएनसी (संगणकावर चालणारी कापायची मशिनं) रात्रभर चालू, कारण रांगेत पुढचा साचा उभाच आहे. आपल्याकडे काका पोलाद मुंबईहून मागवतात, हीट ट्रीटमेंटला दुसरीकडे पाठवतात आणि त्यांचं एकुलतं सीएनसी महिन्यातले दहा दिवस रिकामं असतं. ते नऊ लाख सांगतात ते लुटायला नव्हे. तिथला चांगला कारखाना आपल्या बहुतेक टूलरूमांपेक्षा सरस काम करतो. अडचण एवढीच की त्याला तू ओळखत नाहीस, तो तुला ओळखत नाही, आणि तुझं झाकण त्याच्या आयुष्यातलं तीनशेवं झाकण आहे.

माझीच एक फजिती सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही एक साचा बाहेरून मागवला. कारखान्याचं नाव कशाला, त्यांची चूकही नव्हती. कुरिअरने नमुने आले ते बघत राहावेत असे. साहेबांनी टेबलावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. मी तपासणी अहवाल मंजूर केला, उरलेले पैसे सोडले. दीड महिन्याने खोका उघडला, क्रेनने साचा उचलून मशीनपाशी नेला, आणि तो मशीनच्या दोन टायबारच्या, म्हणजे आडव्या दांड्यांच्या, मध्ये जाईचना. फार नाही, २० मिलिमीटर रुंद! त्यांच्याकडे मोठं मशीन होतं, त्यावर त्यांनी आरामात ट्रायल घेतली होती. आमच्या मशीनची मापं त्यांना कोणी पाठवलीच नव्हती, कारण आजवर कधी पाठवावी लागली नव्हती. आमचा टूलमेकर स्वतःच टेप घेऊन शॉपवर यायचा. शेवटी त्यालाच बोलावलं. त्याने पाट्या कापून दिल्या, लोकेटिंग रिंग नवी केली, पाण्याच्या कनेक्शनचे आटे आपल्याकडचे करून दिले. बिल दिलं, आणि बिलासोबत एक स्टीलची टेप भेट दिली. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुझ्या झाकणात अशा कोणत्या गोष्टी आहेत, ते मी ड्रॉइंगवर बोट ठेवून बघितलं. दोन सापडल्या.

पहिली, क्लिपचा सांधा. पीपी वाकवलं तरी तुटत नाही म्हणून हा सांधा वेगळा भाग न जोडता त्याच प्लॅस्टिकचा, पातळ पट्टीसारखा करतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा. तो टिकतो कधी? साच्यात वितळलेलं पीपी सांध्याला आडवं ओलांडून क्लिपमध्ये भरलं तर. मग त्याच्या साखळ्या सांध्याच्या आरपार रचल्या जातात. पण दोन बाजूंनी आलेले प्रवाह नेमके सांध्यावर येऊन भेटले, तर तिथे वेल्ड लाइन, म्हणजे कच्चा जोड, पडते आणि महिनाभरात क्लिप गृहिणीच्या हातात येते. चारही क्लिपा सारख्या भरायच्या तर गेट, म्हणजे प्लॅस्टिक आत शिरायचं तोंड, झाकणाच्या मधोमध हवा. आणि ब्रँडच्या ड्रॉइंगवर मधोमध काय आहे? त्यांचा लोगो. खाली बारीक अक्षरांत टीप: 'वरच्या बाजूला गेटची खूण दिसू नये.'

आता बघ काय होईल. काका हे ड्रॉइंग पाहून तुला फोन करतील, "पोरी, लोगो सरकवायला सांग नाहीतर क्लिपा जातील." तू ब्रँडशी भांडशील, लोगो १० मिलिमीटर सरकेल, किंवा गेट मागच्या बाजूने घ्यायची काहीतरी युक्ती निघेल. हुआंगयानहून तुला डीएफएमची (हे डिझाइन साच्यातून नीट निघेल का ते दाखवणारी) वीस-पंचवीस पानांची फाइल येईल. सतराव्या पानावर गेट एका कडेला सरकवलेला असेल आणि खाली लिहिलेलं असेल, 'कृपया खात्री करा.' रात्रीचे अकरा वाजलेले असतील, दिवसभर मशिनींचा आवाज कानात असेल, आणि तू 'ओके' लिहून पाठवशील. मीही असे 'ओके' पाठवलेत. त्यानंतर क्लिप तुटली तर ती तुझ्या मंजुरीने तुटलेली असते.

दुसरी गोष्ट आकसण्याची. पीपी थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं, ग्रेडप्रमाणे आणि त्यात मिसळलेल्या खडूच्या भुकटीप्रमाणे कमी-जास्त. झाकण १५० मिलिमीटरचं. दीड टक्क्याने सव्वादोन मिलिमीटर, एक पूर्णांक आठने दोन पूर्णांक सात. मधला फरक जवळपास अर्धा मिलिमीटर. एवढ्यात झाकण एकतर डब्यावर चढत नाही, नाहीतर चढून खुळखुळतं आणि मुलाच्या दप्तरात वरण सांडतं. त्यांनी तिकडच्या प्लॅस्टिकच्या दाण्यावर ट्रायल घेतली आणि तू इकडच्या दाण्यावर चालवलंस, तर नमुना सुंदर आणि माल बाद. म्हणून साचा कुठेही कर, तुझाच दाणा, तुझ्याच ग्रेडची एक पिशवी ट्रायलला पाठव, आणि ब्रँडने डबा दिला असेल तर तोही पाठव. झाकण डब्यावर बसवून बघितल्याशिवाय कोणी 'पास' म्हणायचं नाही.

परदेशातला माल खराब निघाल्याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. बोइंगच्या ७८७ विमानाची तर ठरलेली असते. विमानाचे मोठाले भाग जपान-इटलीत करून आणले, ८ जुलै २००७ला तात्पुरते फास्टनर लावून विमान लोकांना दाखवलं आणि पहिलं विमान गिऱ्हाइकाला मिळायला सप्टेंबर २०११ उजाडला. मला त्याहून मॅटेलची गोष्ट जवळची वाटते. २००७मध्ये या अमेरिकन खेळणी कंपनीने चीनमध्ये केलेली लाखो खेळणी परत मागवली. काहींच्या रंगात शिसं होतं, ती चूक तिकडचीच. पण बहुसंख्य खेळणी परत आली ती छोटे लोहचुंबक सुटून मुलांच्या पोटात जाण्याच्या धोक्यामुळे, आणि ते डिझाइन मॅटेलचं स्वतःचं होतं. जगभर चिनी मालाच्या नावाने शंख झाल्यावर सप्टेंबरमध्ये मॅटेलच्या बड्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन माफी मागितली. तुझ्या झाकणावरचा मधोमधचा लोगो त्याच जातीचा आहे. कारखाना बदलून तो सरकणार नाही.

पोलादाचं थोडक्यात. 'पी-२०' लिहिलंय ते झाकणाला पुरेसं आहे, पण गिरणीचं प्रमाणपत्र माग आणि पैसे सोडण्याआधी कॅव्हिटीची हार्डनेस मोजून घे. पी-२० हार्डनेसच्या एचआरसी मापात साधारण २८ ते ३२ला येतं. सी-४५ त्याहून बरंच मऊ असतं, आणि पी-२०च्या भावात सी-४५ देणारे कमी नाहीत. हातात धरायचं मीटर मिळतं, पाच मिनिटांचं काम. हेच काकांनाही विचार, रागावणार नाहीत. तुझे पहिल्या वर्षाचेच १ लाख शॉट होतात. हलक्या वर्गातल्या साच्याचं अख्खं आयुष्यच तेवढं असतं, तेव्हा शॉटचा आकडा दोन्ही कागदांवर हवा.

पैसे पाठवण्याबद्दल मात्र नीट वाच. ४० आणि ६० मान्य करू नकोस. ३० आगाऊ, ४० नमुने हातात आल्यावर, ३० तपासणीचा अहवाल तू मंजूर केल्यावर आणि माल कारखान्यातून हलण्याआधी, एवढं बहुतेक जण ऐकतात. सगळं एकदा तिकडे गेलं की मग तुझ्या हातात फक्त फोन राहतो. आणि शेवटचा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी मेल येईल, 'ऑडिट चालू असल्याने आमचं बँक खातं बदललं आहे, कृपया नव्या खात्यावर पाठवा.' पत्ता तोच दिसतो, सही तीच, आधीच्या सगळ्या मेलांची माळ खाली तशीच. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराचे असे सव्वाचार लाख गेले. मेल भलत्याच माणसाने पाठवला होता. खातं बदललं म्हटलं की पहिल्या दिवसापासून ज्या नंबरवर बोलतेस त्याच नंबरवर व्हिडिओ कॉल, चेहरा बघून खात्री, मगच बँक. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढलेला नसेल तर डीजीएफटीच्या (परकीय व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपयांत निघतो, तो आजच काढून ठेव. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो हे लोक विसरतात आणि माल बंदरात असताना आठवतं.

आता माझं मत. झाकण काकांना दे.

कारण सांध्याची अडचण आहे, लोगोचा वाद अजून मिटलेला नाही, ड्रॉइंग अजून दोनदा बदलेल, आणि १५ मे सरकणार नाही. जे काम अजून पुरतं लिहून देता येत नाही, ते जवळच्या माणसाकडेच करावं. खालचा डबा मात्र हुआंगयानला करून बघ. त्यात सांधा नाही, क्लिप नाही, झाकण पास झाल्यावर मापं पक्की असतील, घाई नाही, आणि काही बिनसलं तर महिनाभर गेला तरी ऑर्डर जाणार नाही. तुला परदेशातून काम करून घ्यायला शिकायचंच आहे, ते मला पत्रावरून दिसतंय, आणि शिकायला हवंच. पण पहिला धडा तारखेच्या कामावर गिरवू नकोस. नववर्ष उलटल्यावर, मार्चमध्ये ऑर्डर दे, आणि ट्रायलला स्वतः जा.

काकांकडे चीनचं कोटेशन नाचवत जाऊ नकोस. त्याने भाव पन्नास हजारांनी उतरेल आणि पुढच्या खेपेला रविवारचा टेम्पो येणार नाही. त्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून त्या सहा ओळींची दोन पानं कर: पोलाद, शॉट, गेट कुठे, ट्रायल किती, कोणत्या तारखेला काय, उशीर झाला तर किती कापायचे. त्यांना हे थोडं अपमानासारखं वाटेल, बाबांना जास्त वाटेल. सांग की ब्रँड माझ्याकडे लेखी मागतो, मी तुमच्याकडे मागते. लिहिता लिहिता भावही सुटतो. हॉट रनर ते कुठून आणतात विचार, तो बहुधा तिकडूनच येत असेल. तयार मोल्ड बेस घेतला तर किती वाचतील तेही विचार. मला वाटतं ते साडेआठ लाखांपर्यंत येतील. आणि डब्याचा साचा चीनहून आल्यावर तो बसवून द्यायचं काम त्यांनाच देणार आहेस हे आत्ताच सांगून टाक, त्याचे वेगळे पैसे ठरवून. मग त्यांच्याही लक्षात येईल की पोरगी सोडून चाललेली नाही. तिसरं मत हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. डिझाइन घेऊन एक दिवस जाऊन ये, गेटचा प्रश्न त्यांना विचार.

शेवटची एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला तीच सगळ्यात खटकली. साचा तुमच्या खर्चाने का? ९ लाखांचा साचा, चार लाखांचा नफा, आणि ब्रँडने दुसऱ्या वर्षाचं लेखी काही दिलेलं नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं आणि काही महिने तुम्ही फुकट राबणार, तेही ब्रँडने मध्येच दुसरा मोल्डर पकडला नाही तर. या धंद्यात साच्याचे निम्मे पैसे आगाऊ मागणं, नाहीतर पहिल्या २ लाख नगांवर नगामागे दोन रुपये जास्त लावणं, यात काही गैर नाही. अनेक ब्रँड देतात, कारण साचा कोणाचा हा प्रश्न त्यांनाही मिटवायचा असतो. तू आणि बाबा आठवडाभर काकांच्या आणि चीनच्या खिशात हात घालताय, ब्रँडच्या खिशाकडे कोणी बघितलंच नाही. ती मीटिंग बाबांना सोबत घेऊन कर. २२ वर्षं ज्याने घासाघीस केली आहे तो माणूस घरात असताना त्याला काकांची बाजू घ्यायला बसवणं म्हणजे वाया घालवणं.

आणि चारही मशिनींच्या टायबारमधलं अंतर मोजून, कमीत कमी-जास्तीत जास्त साच्याची उंची, लोकेटिंग रिंगचा व्यास, नोझलची त्रिज्या, पाण्याच्या जोडणीचे आटे, सगळं एका कागदावर लिहून गाळ्याच्या भिंतीवर चिकटव. एक प्रत काकांना, एक हुआंगयानला. टेप नसेल तर कळव, माझ्याकडे एक जास्तीची आहे.